ए५४९ वर भिंत उभीच राहत नाही: श्वासनलिकेच्या पेशी-थरातून औषध किती शोषलं जातं, हे मोजताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातल्या एका फार्मसी कॉलेजात एम.फार्म.चा प्रकल्प चालू आहे. दम्यावरच्या सालबुटामॉल सल्फेटची लॅक्टोजबरोबरची कोरडी इनहेलर-पूड बनवली आहे. ती श्वासमार्गातून किती शोषली जाते हे बघण्यासाठी ए५४९ पेशी इन्सर्टवर, म्हणजे सच्छिद्र पडद्याचा तळ असलेल्या छोट्या कपात, वाढवल्या. टीअर, म्हणजे थराचा विद्युत-रोध, ३५-४० ओहम-चौ. सेंमी.च्या वर जात नाही आणि फ्लुओरेसीन हा चमकणारा रंग कोऱ्या इन्सर्टमधून उतरतं तसंच खाली उतरतं. मार्गदर्शक म्हणतात, २१ दिवस थांबा. थांबावं का? आणि याच मॉडेलवर पुढे गुऱ्हाळाच्या धुराचा अभ्यास करता येईल का?

थांबू नका. २१ दिवसांनीही आकडा तोच राहील.

ए५४९ फुप्फुसाच्या कर्करोगातून आलेल्या पेशी आहेत, टाइप-दोन वायुकोश-पेशींसारख्या. भराभर वाढतात, कुठेही मिळतात आणि औषध पेशीच्या आत किती शिरतं किंवा पेशी किती मरतात हे बघायला चांगल्या आहेत. पण शेजारच्या पेशीशी पक्का सांधा त्या जुळवत नाहीत. जास्त दिवस ठेवल्या तर एकावर एक चढतात. थर जाड दिसतो, फटी तशाच राहतात. विटा रचल्या पण मधे चुना भरला नाही, तर भिंत कितीही रुंद झाली तरी पाणी झिरपणारच. श्वासनलिकेच्या बीस-२बी पेशींचंही तेच, त्यामुळे त्यांच्याकडे वळू नका.

सालबुटामॉलच्या बाबतीत ही चूक जास्तच महागात पडते. हे औषध पाण्यात सहज विरघळतं आणि पीएच ७.४ ला जवळजवळ सगळं धनभारित असतं. पेशीच्या तैलीय पटलातून आरपार जाणं त्याला जड जातं. ते बरंचसं दोन पेशींमधल्या फटीतून आणि काही प्रमाणात धनभारित रेणू वाहून नेणाऱ्या वाहक-प्रथिनांमार्फत जातं. फटी आधीच उघड्या असतील, तर तुम्ही औषधाचं शोषण मोजतच नाही. गळती मोजता आणि तिला शोषण म्हणता. प्रोप्रॅनोलॉलसारखं तैलप्रिय औषध असतं, तर हीच चूक कदाचित लपून गेली असती, कारण ते चांगल्या थरातूनही झपाट्याने जातं.

तुमच्या कामाला कॅलू-३ घ्या. त्याही कर्करोगाच्याच पेशी आहेत, पण श्वासनलिकेच्या ग्रंथींच्या जातीच्या. पक्का सांधा जुळवतात आणि हवेवर ठेवल्या की वर म्यूकस सोडतात. १६एचबीई१४ओ हाही पर्याय आहे, पण त्यांचा थर हवेवर ठेवण्यापेक्षा द्रवाखाली जास्त घट्ट होतो, आणि पूड तर हवेवरच टाकायची आहे. वायुकोशाचाच प्रश्न असता, तर डेक्सामेथासोन देऊन वाढवलेल्या एच४४१ सुचवल्या असत्या.

पेशी शेजारच्या लॅबच्या फ्लास्कमधून मागून आणू नका. मान्यताप्राप्त पेशी-भांडारातून, ओळख-चाचणी आणि मायकोप्लाझ्मा या छुप्या जिवाणू-संसर्गाचा अहवाल यांच्यासह घ्या. आल्या की लगेच १०-१२ व्हायल (कुप्या) गोठवा आणि सगळे प्रयोग १०-१५ पॅसेजच्या, म्हणजे पेशी नव्या फ्लास्कमध्ये वाटून घेण्याच्या फेऱ्यांच्या, एकाच पट्ट्यात उरका. पंचविसाव्या पॅसेजच्या कॅलू-३ आणि पंचावन्नाव्या पॅसेजच्या कॅलू-३ यांचा टीअर एकच येईल, असं गृहीत धरू नका.

आता पेरणी. इन्सर्ट १२ मिलिमीटरचा घ्या, क्षेत्रफळ १.१२ चौ. सेंमी., छिद्रं ०.४ मायक्रॉनची. पारदर्शक पॉलिएस्टरमधून थर सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो, म्हणून शिकताना तोच बरा. मात्र त्यावर चौ. सेंमी.ला सुमारे ४० लाख छिद्रं असतात, तर पॉलिकार्बोनेटवर सुमारे १० कोटी. वेगाने जाणाऱ्या किंवा प्लॅस्टिकला चिकटणाऱ्या औषधाला पडदाच अडवतो आणि दोष पेशींवर जातो. म्हणून पेशी न पेरलेल्या इन्सर्टमधून औषध किती वेगाने जातं, हे सगळ्यात आधी मोजून ठेवा.

कॅलू-३ हळू वाढतात आणि चिवट चिकटतात. पेशी सोडवणाऱ्या ट्रिप्सिनच्या आधी कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या पीबीएस या क्षार-बफरने दोनदा धुवा, मग ०.२५ टक्के ट्रिप्सिन-ईडीटीए ३७ अंशांवर ८-१० मिनिटं. घाई करून फ्लास्क आपटलात, तर पेशी गुठळ्यांनी सुटतात. गुठळी पेरली की तिथे टेकडी होते आणि शेजारी भोक राहतं. हलक्या हाताने पिपेटने वर-खाली करून सुट्ट्या करा, मोजा, आणि चौ. सेंमी.ला ५ लाख या हिशेबाने पेरा. १.१२ चौ. सेंमी.ला ५.६ लाख पेशी लागतात. त्या ०.५ मिली माध्यमात द्यायच्या, म्हणजे सस्पेन्शन ११.२ लाख प्रति मिली हवं. खाली १.५ मिली. इन्सर्ट तिरका धरून खाली सोडा, नाहीतर पडद्याखाली हवेचा बुडबुडा अडकतो आणि त्यावरच्या पेशी उपाशी मरतात. पेरल्यावर प्लेट गोल फिरवू नका, पेशी कडेला जमतात. पुढे-मागे, डावी-उजवीकडे हलकी सरकवा आणि १५ मिनिटं तशीच टेबलावर राहू द्या.

२४ ते ४८ तासांनी वरचं माध्यम काढा. थर हवेवर आला. इथून पुढे अन्न फक्त खालून. खालचं माध्यम कमी करा, इतकं की पातळी पडद्याला जेमतेम टेकेल. नेमके मिली प्लेटच्या घडणीवर अवलंबून असतात, म्हणून एकदा नजरेने ठरवा आणि मग तोच आकडा कायम ठेवा. पातळी जास्त झाली तर द्रवाचा दाब कोवळा थर खालून उचलतो आणि वर रोज सकाळी स्वच्छ पाण्याचं डबकं दिसतं. अनेकजण त्याला म्यूकस समजतात. म्यूकस चिकट असतो, पिपेटच्या टोकाला तार धरतो. डबकं पाण्यासारखं असेल तर एकतर खाली जास्त भरलंय किंवा थराला भोक आहे. माध्यम दर ४८ तासांनी बदला. शोषणाचा प्रयोग हवेवर घेतल्यापासून १० ते १४ दिवसांनी. पाचव्या दिवशी टीअर कमी दिसला म्हणून प्लेट फेकू नका.

टीअर मोजताना चुका अगदी साध्या होतात. वर ०.५ आणि खाली १.५ मिली कोमट माध्यम घाला, प्लेट २० मिनिटं खोलीच्या तापमानाला स्थिर होऊ द्या, मग काड्यांसारख्या इलेक्ट्रोडने प्रत्येक इन्सर्टमध्ये तीन जागी वाचा. द्रव थंड होत जातो तसा रोध वाढतो. त्यामुळे इन्क्युबेटरमधून काढताक्षणी मोजलेली पहिली विहीर (प्लेटमधला खण) आणि वीस मिनिटांनी मोजलेली बारावी, यांची तुलनाच होत नाही. मशीनच्या आकड्यातून कोऱ्या इन्सर्टचा आकडा वजा करायचा आणि उरलेल्याला क्षेत्रफळाने गुणायचं. भागायचं नाही. प्रबंधांत ही चूक सर्रास सापडते आणि एकक 'ओहम प्रति चौ. सेंमी.' असं छापलेलं दिसतं. उदाहरणार्थ, वाचन ५६० आणि कोरा इन्सर्ट १३० असेल तर ४३० × १.१२ = ४८२ ओहम-चौ. सेंमी. हवेवरच्या कॅलू-३ साठी ३०० ही खालची मर्यादा धरा, त्याखालचे इन्सर्ट बाद.

एकट्या टीअरवर मात्र विसंबू नका. टीअर आयनांची वाट दाखवतो, औषधाच्या रेणूची नव्हे. शिवाय एका कोपऱ्यातलं छोटं भोक तीन वाचनांतून निसटू शकतं. सोबत सोडियम फ्लुओरेसीन हवंच. त्याचा पारगम्यता-गुणांक, म्हणजे थरातून पार जाण्याचा वेग, चांगल्या कॅलू-३ थरावर १०^-७ सेंमी प्रति सेकंद या घरात राहायला हवा. १०^-६ ओलांडला, तर टीअर कितीही छान असो, त्या इन्सर्टवर भरवसा नको. फ्लुओरेसीनची चमक पीएचवर बदलते, म्हणून नमुने आणि प्रमाण-द्रावणं एकाच ७.४ पीएचच्या बफरमध्ये ठेवा.

बफरवरून एक महत्त्वाचं. शोषणाच्या प्रयोगाला एचबीएसएस हे क्षार-द्रावण घ्या, त्यात पीएच स्थिर ठेवायला १० मिलिमोलर हेपिस, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेलाच. ट्रिप्सिनच्या वेळी ज्या कॅल्शियमविरहित पीबीएसने धुतलं, तीच बाटली इथे उचलली तर पेशींमधले सांधे उघडतात. कॅल्शियमवाचून ते टिकतच नाहीत. दहा दिवस जपलेला थर ऐन प्रयोगात अचानक गळू लागला, तर बाटलीवरचं लेबल आधी वाचा. दोन्ही बाटल्या फ्रिजमध्ये शेजारी-शेजारी ठेवूच नयेत.

प्रत्यक्ष मोजणी. थर दोन्ही बाजूंनी कोमट एचबीएसएसने धुवा, ३० मिनिटं ३७ अंशांवर राहू द्या. वर औषधाचं द्रावण ०.५ मिली, खाली कोरा बफर १.५ मिली. प्लेट मिनिटाला ५०-१०० फेऱ्यांनी हलती ठेवा. स्थिर ठेवली तर पडद्यालगत न ढवळलेल्या पाण्याचा थर जमतो, आणि जलद औषधांच्या बाबतीत पेशींपेक्षा तोच जास्त अडवतो. दर १५ मिनिटांनी खालून नमुना काढून तेवढाच बफर घालण्यापेक्षा, इन्सर्टच उचलून ताज्या बफरच्या पुढच्या विहिरीत ठेवा. काढलेल्या नमुन्याची दुरुस्ती करण्याची कटकट वाचते आणि खालच्या बाजूला औषध साचत नाही.

गुणांकाचं सूत्र साधं आहे: सेकंदाला खाली उतरलेलं औषध, भागिले (क्षेत्रफळ गुणिले वरची सुरुवातीची संहती). प्रोप्रॅनोलॉल १० मायक्रोमोलर, म्हणजे मिलीला १० नॅनोमोल घेतलं आणि समजा ३० मिनिटांत ०.४ नॅनोमोल खाली आलं. ०.४ ÷ १८०० = ०.०००२२२ नॅनोमोल प्रति सेकंद. त्याला १.१२ × १० = ११.२ ने भागलं की २ × १०^-५ सेंमी प्रति सेकंद. वर एकूण ५ नॅनोमोल होतं, त्यातलं ८ टक्के गेलं. इथवर ठीक. हाच प्रयोग ६० मिनिटं चालवला तर १६ टक्के जाईल आणि वरची संहती स्थिर आहे हे सूत्राचं गृहीतकच मोडेल. १० टक्क्यांच्या आत राहायचं.

सालबुटामॉलला अडचण उलटी येते. गुणांक २ × १०^-७ धरा आणि वर १०० मायक्रोमोलर. तासाभरात खाली सुमारे ०.०८ नॅनोमोल उतरेल, १.५ मिलीत. हे झालं मिलीला साधारण १३ नॅनोग्रॅम. साध्या यूव्ही डिटेक्टरच्या एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातलं औषध वेगळं करून मोजणाऱ्या यंत्रावर, हे शिखर गोंगाटात बुडण्याची शक्यता दाट आहे. सालबुटामॉलला स्वतःची चमक असते, ती २७६ नॅनोमीटरने उत्तेजित करून ३१० च्या आसपास वाचता येते. म्हणून फ्लुओरेसन्स डिटेक्टर किंवा मास स्पेक्ट्रोमीटर बघा. पेशी वाढवायला सुरुवात करण्याआधी विश्लेषणाची ही खालची मर्यादा तपासून घ्या. पेशी तयार आणि मोजायला यंत्र नाही, असे प्रकल्प बरेच रखडतात.

शेवटी हिशेब जुळवा. वर उरलेलं, पेशींत अडकलेलं, पडद्याला व भिंतीला चिकटलेलं आणि खाली उतरलेलं, सगळं मिळून दिलेल्या मात्रेच्या ८० ते १२० टक्के भरलं पाहिजे. खालून वर जाणारा प्रयोगही करा. खालून-वरचा गुणांक भागिले वरून-खालचा गुणांक, हे गुणोत्तर २ च्या वर गेलं तर बाहेर फेकणारं वाहक-प्रथिन कामात आहे. प्रयोग संपल्यावर त्याच इन्सर्टवर पुन्हा टीअर आणि फ्लुओरेसीन. टीअर सुरुवातीच्या ८० टक्क्यांखाली घसरला असेल तर तुमच्या द्रावणानेच थर बिघडवला.

इथपर्यंत द्रावणाचं झालं. पण तुमची तर पूड आहे, आणि पूड विरघळवून ओतली तर फॉर्म्युलेशनवर केलेली सगळी मेहनत पाण्यात जाते. १.१२ चौ. सेंमी.वर १० मायक्रॉन जाडीचा द्रवाचा थर असेल, तर त्याचं आकारमान जेमतेम १.१ मायक्रोलिटर होतं. श्वासनलिकेतला द्रवाचा थर साधारण याच मापाचा असतो. तुम्ही ओतता ५०० मायक्रोलिटर, म्हणजे साडेचारशे पट. फ्लुटिकासोन प्रोपिओनेटसारखं सावकाश विरघळणारं औषध खऱ्या थरावर कणरूपात पडून राहतं, इथे मात्र आधीच विरघळून तयार असतं. सालबुटामॉल सल्फेट लगेच विरघळतं, म्हणून तुमच्या बाबतीत हा फरक कमी जाणवेल. पण लॅक्टोज विसरू नका. इन्सर्टवर ०.१ मिलिग्रॅम लॅक्टोज पडलं तरी त्या १.१ मायक्रोलिटरमध्ये सुमारे २६० मिलिऑस्मोलची भर पडते. शरीरद्रवाचं मूळ प्रमाण साधारण २९० असतं, म्हणजे ते जवळपास दुप्पट होतं. पेशी पाणी सोडतात, सांधे ताणले जातात आणि शोषण वाढल्यासारखं दिसतं. नुसत्या लॅक्टोजचा इन्सर्ट प्रत्येक फेरीत हवा.

पूड टाकायला महागडं यंत्र नसेल तर काचेचा द्विस्तरीय इम्पिंजर, म्हणजे हवेच्या झोतातले कण आकारानुसार वेगळे करणारं उपकरण, वापरता येतो. मिनिटाला ६० लिटर प्रवाहाला त्याच्या दुसऱ्या टप्प्यात ६.४ मायक्रॉनपेक्षा बारीक कण उतरतात. तिथे आत येणाऱ्या नळीच्या तोंडाखाली इन्सर्ट बसवायचा. लॅक्टोजचे जाड कण बहुतेक घशात आणि पहिल्या टप्प्यातच राहतात. दोन गोष्टी सांभाळा. हवेचा झोत थर सुकवतो, म्हणून पूड न भरता तेवढीच सेकंदं हवा दिलेला इन्सर्ट तुलनेला ठेवा. आणि इन्सर्टवर किती पूड पडली हे तराजूवर कळणार नाही. ते शेवटी वर, आत आणि खाली सापडलेल्या औषधाची बेरीज करूनच काढायचं. इन्सर्ट ते इन्सर्ट मात्रा बदलणारच, म्हणून निकाल टक्क्यांत मांडा आणि प्रत्येक गटात किमान सहा इन्सर्ट धरा.

कोल्हापूरच्या पावसाबद्दल वेगळं सांगायला नको. जून ते सप्टेंबर बुरशीचा जोर असतो. इन्क्युबेटरच्या ट्रेमध्ये निर्जंतुक डिस्टिल्ड पाणी, दर आठवड्याला बदल, आणि पुठ्ठ्याची खोकी कल्चर-खोलीच्या बाहेर. बुरशीच्या भीतीने माध्यमात अ‍ॅम्फोटेरिसिन-बी घालणारे बरेच आहेत. ते पेशी-पटलातल्या स्टेरॉलला चिकटून भोकं पाडणारं औषध आहे. अडथळा मोजायच्या प्रयोगात ते नकोच. वीज गेली तर इन्क्युबेटरचं दार उघडून 'बघू' नका. जनरेटर चालू होईपर्यंतचा भार पेलणारा यूपीएस फक्त इन्क्युबेटरसाठी राखून ठेवा. चौदा दिवसांच्या कल्चरमध्ये एका रात्रीचा गारठा टीअरच्या आलेखात खड्डा होऊन दिसतो. खड्डा दिसला की त्या तारखेला वीज गेली होती का, हे नोंदवहीत आधी बघा. व्हायलींसाठी द्रव नायट्रोजनची सोय इथे तुलनेने सोपी आहे. कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच साठवतात, त्यामुळे कंटेनर कसा भरायचा आणि पातळी कशी मोजायची हे दूध-व्यवसायातल्या माणसांना पाठ असतं.

प्राथमिक मानवी पेशींचा तयार थर, म्हणजे एपीएअरवे किंवा म्युसिलएअर, घ्यावा का? त्यात हलणारे केस, म्यूकस-पेशी, तळपेशी असं सगळं असतं आणि तो खऱ्या श्वासनलिकेच्या बराच जवळ जातो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेपुढे क्लोरोथॅलोनिल या बुरशीनाशकाचा श्वासमार्गातला धोका ठरवताना म्युसिलएअरची माहिती मांडली गेली, आणि २०१८ मध्ये तज्ज्ञ-समितीने त्यावर चर्चा केली. आपल्याकडेही २०२३ मध्ये नवीन औषधं आणि क्लिनिकल ट्रायल नियमांत दुरुस्ती होऊन प्राण्यांशिवायच्या अशा पद्धतींना जागा मिळाली. पण हा थर जिवंत येतो, विमानतळावर अडकला तर मरतो, आणि दात्यागणिक आकडे बदलतात म्हणून निदान तीन दात्यांचे थर लागतात. एम.फार्म.च्या मुदतीत कॅलू-३ वर पक्कं काम करा. स्थानिक रुग्णालयातून ऊतक घेऊन स्वतः थर वाढवायचा विचार असेल, तर नैतिकता-समितीची मंजुरी आणि दात्याची संमती आधी. माध्यमात रेटिनॉइक आम्ल कमी पडलं की हे थर कातडीसारखे चपटे होतात, केस येतच नाहीत.

आता गुऱ्हाळाचा धूर. हा शोषणापेक्षा इजेचा प्रश्न जास्त आहे. धूर डीएमएसओ या द्रावकात विरघळवून ओतला तर वायुरूप भाग आधीच उडून गेलेला असतो आणि काजळी तळाला बसते. जे उरतं त्याला धूर म्हणता येणार नाही. पाचट-चिपाडांचा धूर हवेतूनच थरावर न्यावा लागेल, आर्द्रता आणि तापमान सांभाळून, तेवढाच वेळ स्वच्छ हवा दिलेल्या इन्सर्टसोबत. मोजायचं काय, तर टीअरची घसरण, इजा झालेल्या पेशींतून बाहेर गळलेलं एलडीएच हे विकर, आणि खालच्या माध्यमातलं दाहाचा इशारा देणारं आयएल-८ हे प्रथिन. काजळी रंगावर आणि चमकेवर चालणाऱ्या चाचण्यांत ढवळाढवळ करते. एमटीटी (पेशी जिवंत आहेत का हे रंगावरून सांगणारी चाचणी) किंवा एलडीएच लावण्याआधी पेशींशिवाय नुसती काजळी त्या चाचणीत काय आकडा देते, ते तपासा. कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीतल्या सिलिका-धुळीलाही हीच खबरदारी लागते. शिवाय तिथली मुख्य इजा कण गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशींमुळे होते, आणि त्या या थरात नाहीत.

नसाही नाहीत. फोडणीत मिरची पडली की घरभर ठसका लागतो, पण तीच वाफ या इन्सर्टवर सोडली तर टीअर कदाचित हलणारही नाही. कॅप्सेसिन खोकला आणतं ते नसांच्या टोकांवरच्या ग्राहकांना डिवचून. म्हणून धुराच्या अभ्यासात कामगारांची तक्रार 'खोकला' अशी असेल, तर ती या थरावर शोधू नका. त्याच कामगारांची स्पायरोमेट्री (फुंकरीतून फुप्फुसांची क्षमता मोजणारी तपासणी) आणि लक्षणांची प्रश्नावली सोबत घ्या, आणि इन्सर्टवर फक्त थर फाटतो का, किती तासांनी फाटतो आणि स्वच्छ हवेत पुन्हा जुळतो का, एवढंच विचारा.